मिक ओकॉनेलचा झेल

एखाद्या माणसाविषयीची एकच गोष्ट इतकी गोड असावी की तिच्या आड तो माणूसच दिसेनासा व्हावा, असा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात आपण पुष्कळदा पाहतो. खेळाच्या इतिहासातही तो घडतो. आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलचा एक श्रेष्ठ खेळाडू मिक ओकॉनेल याच्या बाबतीत तो घडला आहे. आणि इतका पक्का घडला आहे की त्याची सतरा-अठरा वर्षांची सारी कारकीर्द त्या एका गोष्टीची प्रस्तावना आणि पुरवणी होऊन बसली आहे.

गोष्ट अशी. १९५९ च्या सप्टेंबरात डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अखिल आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि केरी परगण्याने गॉलवेला हरवले. केरीचा कर्णधार होता बावीस वर्षांचा ओकॉनेल. पंचाऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्याने विजयाचा चषक स्वीकारला. मग राजधानीत मेजवान्यांची धांदल चाललेली असताना हा गृहस्थ तो चषक कपडे बदलण्याच्या खोलीतच ठेवून आगगाडीने निघाला, देशाच्या नैर्ऋत्य टोकाला पोहोचला, आणि रात्रीच्या अंधारात आपली होडी वल्हवीत आपल्या बेटावर, आपल्या घरी जाऊन झोपला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. होडी मात्र कुणी गाळीत नाही.

या गोष्टीतून जो तो आपल्याला हवा तो माणूस काढतो. कुणाला तीत विरागी दिसतो, कुणाला माणूसघाणा, कुणाला लोकांतात न रमणारा कलावंत. आयरिश लेखकांना बेटांचे वेड पहिल्यापासून आहे, आणि बेटावरचा एकटा माणूस म्हटला की त्यांची लेखणी हलकी होते. माझी तक्रार या कल्पनाविलासाविरुद्ध नाही. ओकॉनेलविषयीचे लिखाण वाचताना होडीचे वर्णन पाने-पाने येते आणि तो खेळत कसा होता हे चार ओळींत आटोपते, ही माझी तक्रार आहे. कवीच्या फाटक्या कोटाविषयी लिहून त्याच्या कवितेविषयी गप्प बसणारे टीकाकार आपल्याकडेही थोडे नाहीत.

हा खेळ मराठी वाचकाला परका आहे, म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. चेंडू गोल, तो लाथेने मारता येतो तसा हातातही धरता येतो. मात्र चार पावले गेली की जमिनीवर आपटून किंवा पायाच्या चवड्यावर उडवून तो पुन्हा हाती घ्यावा लागतो. गोलाचे खांब आडव्या दांडीच्या वरही उंच गेलेले असतात. दांडीखालून चेंडू गेला तर गोल, त्याचे गुण तीन. वरून गेला तर त्या काळी एक गुण. म्हणून धावफलकावर प्रत्येक संघापुढे दोन आकडे दिसतात. १९५९ चा तो सामना केरीने ३-७ विरुद्ध १-४ असा जिंकला, म्हणजे सोळा गुणांविरुद्ध सात. खेळणाऱ्याला वेतन नाही. माणूस आपल्या गावासाठी आणि आपल्या परगण्यासाठी खेळतो, आणि सोमवारी सकाळी कामावर जातो.

पण यापेक्षा महत्त्वाचे असे की हा खेळ नुसता खेळ म्हणून जन्मालाच आला नाही. इंग्रजी राजवटीत देशी खेळांचे पुनरुज्जीवन करावे म्हणून १८८४ मध्ये थर्ल्स या गावी एक संघटना स्थापन झाली आणि हा खेळ तिच्या छत्राखाली वाढला. १९२० च्या नोव्हेंबरात याच क्रोक पार्कवर सामना चालू असताना सरकारी सैनिकांनी गोळीबार केला आणि चौदा माणसे मेली. विजेत्याला मिळणारा चषक ज्याच्या नावाचा आहे, तो सॅम मॅग्वायर लंडनमध्ये राहून क्रांतिकारकांचे गुप्त काम करणारा माणूस. आपल्याकडे तालमी आणि राष्ट्रीय चळवळ यांचे जे नाते होते ते आठवावे, म्हणजे या चषकाला किती भावनांचा भार आहे हे समजेल. तो खोलीत ठेवून जाणे म्हणजे नुसते भांडे विसरणे नव्हे. लोक चकित झाले ते उगीच नाही.

तरीही दोन गद्य गोष्टी या आख्यायिकेशेजारी मांडून ठेवाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे कर्णधारपदाची. केरीमध्ये अशी रीत होती की आदल्या वर्षी परगण्याची अंतर्गत स्पर्धा जिंकणाऱ्या संघाने पुढच्या वर्षीचा कर्णधार सुचवायचा. १९५८ ची स्पर्धा दक्षिण केरीच्या संघाने जिंकली, म्हणून मान ओकॉनेलकडे आला. नेतृत्वाचे गुण हेरून कुणी त्याला निवडले नव्हते. तेव्हा विजयी सेनापतीने सिंहासन लाथाडले, असे जे चित्र रंगविले जाते त्यात सेनापतीच थोडा ओढूनताणून आणलेला आहे.

दुसरी गोष्ट बेटाची. व्हॅलेन्शिया हे ते बेट. मुख्य भूमीपासून एका अरुंद सामुद्रधुनीने तुटलेले. १९७० साली त्यावर पूल झाला; तोपर्यंत सरावाला जायचे तर ओकॉनेलला आधी पाणी ओलांडावे लागे आणि मग किलार्नीपर्यंतचा रस्ता. रात्री परत तेच. म्हणजे १९५९ च्या त्या रात्रीची होडी ही वर्षभर चालणारी होडी होती. शिवाय हे बेट काही जगापासून दूर पडलेले आश्रमस्थान नव्हते. अटलांटिकच्या तळातून अमेरिकेला गेलेल्या तारेचे युरोपकडचे टोक इथेच होते. १८६६ मध्ये ज्या ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने ती तार अंथरली, तेच जहाज पुढे १८७० मध्ये मुंबईला आले आणि मुंबई-एडनची तार टाकून गेले, हे आपल्या वाचकांना ऐकायला गंमतीचे वाटेल. ओकॉनेल याच बेटावरच्या तारघरात नोकरीला होता; ते १९६६ मध्ये बंद झाले. दोन खंडांचे निरोप ज्याच्या हाताखालून जात होते, त्याला ‘जगापासून तुटलेला बेटकरी’ म्हणणे म्हणजे वाङ्मयीन सोय पाहणे होय.

आता मैदानाकडे येऊ. मी हे सामने प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत. जुन्या चित्रफितींचे जे तुकडे पाहायला मिळतात त्यांवर, आणि त्या काळच्या माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर माझी भिस्त आहे. १९६२ चा केरी-रॉसकॉमन अंतिम सामना आयर्लंडच्या नवजात दूरचित्रवाणीने थेट दाखविला, आणि त्याच वर्षी ओकॉनेलला वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून गौरविण्यात आले. चित्रे करडी, पुसट, चेंडू मधूनमधून हरवणारा. तरीही एक गोष्ट त्या पुसटपणातून लख्ख दिसते, ती म्हणजे त्याचा झेल.

त्या काळात गोलरक्षकाने चेंडू मारला की तो उंच जाऊन मैदानाच्या मध्यभागी उतरत असे. तिथे दोन्ही संघांच्या मधल्या फळीतले दोघे-दोघे उभे. चेंडू खाली येतो आणि चारही माणसे एकमेकांच्या खांद्यांना खांदे लावून वर उसळतात. क्रिकेटमध्ये उंच झेल घेणाऱ्याभोवती माणसे बाजूला होतात, ‘माझा’ अशी आरोळी ऐकली की आपलेच लोक वाट देतात. इथे तीन माणसे तुमच्या कोपरावर लटकलेली असतात. अशा गर्दीत बहुतेक खेळाडू अंगाने जागा करून घेतात. ओकॉनेल वेळेने जागा करून घेत असे. तो इतरांच्या अर्धा क्षण आधी उडतो की अर्धा क्षण उशिरा, हे कितीदा पाहूनही मला ठरविता आले नाही. एवढे खरे की इतरांचे हात खाली येऊ लागलेले असतात तेव्हा याचे हात वर, पूर्ण लांब, आणि चेंडू त्यांत येऊन थांबलेला असतो. चेंडू पकडला असे वाटत नाही. तो तिथेच यायचा होता, आणि हात आधीपासून तिथे होते, असे वाटते.

आणि झेल हा त्याच्या दृष्टीने शेवट नव्हताच. जमिनीवर उतरतानाच त्याचे शरीर पुढच्या लाथेसाठी वळलेले असे. लांब पल्ल्याची, नेमक्या माणसाकडे जाणारी लाथ. तीही दोन्ही पायांनी. झेल, वळण, लाथ या तिन्हींमध्ये सांधा दिसत नाही. मर्ढेकरांनी लयीविषयी जे जे सांगितले ते आठवावे असा हा क्षण असतो. हे कौशल्य त्याने बेटावर एकट्याने घासून घासून मिळविले होते. एकाकीपणाची गोष्ट सांगायचीच तर ती इथे सांगावी. चषक सोडून जाण्याचा एकाकीपणा एका रात्रीचा. रिकाम्या मैदानात एकच चेंडू हजार वेळा मारण्याचा एकाकीपणा वर्षानुवर्षांचा.

इथवर सारे स्तोत्र झाले. पण समीक्षकाला १९६० च्या सामन्यापाशी थांबावेच लागते, आणि ओकॉनेलचे चाहते नेमके तिथूनच भरभर पुढे सरकतात. त्या वर्षी अंतिम सामन्यात केरीसमोर डाउन हा परगणा उभा राहिला. डाउन उत्तर आयर्लंडातला, सरहद्दीपलीकडचा. तिकडच्या एकाही संघाने तोवर हा चषक जिंकला नव्हता. झेलात ओकॉनेलची बरोबरी करणारा माणूस आपल्याकडे नाही हे त्यांनी ओळखले, आणि झेल घ्यायचाच नाही असे ठरविले. चेंडू वरून खाली येऊ लागला की मुठीने किंवा पंजाने तो उडवून लावायचा, आणि खाली वाट पाहत असलेल्या आपल्या चपळ माणसांनी तो उचलायचा. ओकॉनेलचे हात वर पोहोचतात तोवर चेंडू तिथे नसे. केरीचा २-१० विरुद्ध ०-८ असा पराभव झाला. म्हणजे सोळा विरुद्ध आठ. आदल्या वर्षी सोळा गुण केरीचे होते.

या डावपेचामागे ज्यांचे डोके होते त्यांत जो लेनन हा मधल्या फळीतला खेळाडू होता. पुढे १९६४ मध्ये त्याने गेलिक फुटबॉल कसे शिकवावे यावर एक पुस्तकच लिहिले. खेळाचे भाग पाडता येतात, प्रत्येक भागाचा अभ्यास करता येतो, आणि साध्या वकुबाची पंधरा माणसे नीट शिकविली तर ती एका अलौकिक माणसाला निष्प्रभ करू शकतात, हा त्या साऱ्या विचाराचा रोख. त्यात वाईट काही नाही. उलट तो विचार अधिक लोकशाहीवादी आहे असेही कुणी म्हणेल. पण मला त्यातून एक प्रश्न पडतो, आणि तो फुटबॉलपुरता नाही. एखादे कौशल्य परिपूर्ण असावे, सुंदर असावे, आणि कुणीतरी येऊन ते निरुपयोगी करण्याची साधी युक्ती शोधून काढावी. अशा वेळी त्या कौशल्याच्या धन्याने काय करायचे?

ओकॉनेलने जे केले ते असे की त्याने काहीच बदलले नाही. तो झेल घेतच राहिला. १९६२ मध्ये त्याचे फळ मिळाले. १९६४ आणि १९६५ मध्ये गॉलवेने दोन्ही वेळा केरीला हरविले. १९६८ मध्ये पुन्हा डाउन आडवे आले आणि पुन्हा जिंकले. एकूण नऊ वर्षांच्या अंतिम सामन्यांत तो खेळला. चार विजय, पाच पराभव. हा हिशेब चाहत्यांना आवडत नाही. मला मात्र तो हिशेबच त्याच्याकडे नेणारी वाट वाटतो. ज्याला फक्त जिंकायचे आहे तो १९६० नंतर तरी मूठ वापरायला शिकला असता.

१९७४ मध्ये त्याचे पुस्तक आले. नाव ‘अ केरी फुटबॉलर’. या नावातला तो ‘अ’ मला फार बोलका वाटतो. ‘केरीचा एक फुटबॉलपटू’. नाव नाही, बिरुद नाही, चषकाचा उल्लेख नाही. खेळाडूंच्या आत्मचरित्रांना जी भडक नावे देण्याची चाल आहे तिच्या शेजारी हे नाव ठेवून पाहावे. आतही तोच स्वभाव आहे. त्याला खेळाचे खेळपण हवे आहे: स्वच्छ झेल, दोन्ही पायांची लाथ, अंगचटीला न येता केलेली झुंज. चेंडू हाताने सरकवीत नेण्याची वाढती पद्धत त्याला रुचत नाही, आणि शिक्षकांच्या कवायतीवरही त्याचा विश्वास नाही. हे सारे तो मोजक्या शब्दांत, जवळजवळ कोरडेपणाने सांगतो.

पुस्तकाचा मोठेपणा या कोरडेपणात आहे, तसा त्याचा दोषही तिथेच आहे. आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या नावाने जो ‘कलेसाठी कला’चा वाद गाजला त्यात एका बाजूची अडचण नेहमी अशी असे की कला स्वायत्त आहे असे एकदा म्हटले की पुढे बोलायला काही उरत नाही. ओकॉनेलचे तसेच होते. खेळ खेळासाठी, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे; पण हा खेळ पंधरा जणांचा आहे. ज्या दिवशी माझा झेल चालत नाही त्या दिवशी उरलेल्या चौदा जणांचे माझ्यावर काय ऋण आहे? पराभवाच्या संध्याकाळी ते चौदा जणही घरी गेले, त्यांनाही सोमवारी काम होते. हा प्रश्न त्या पुस्तकातून मनाला जसा भिडायला हवा होता तसा भिडत नाही. डाउनने जे आव्हान दिले त्याला मैदानावर नाही तर निदान कागदावर त्याने उत्तर द्यायला हवे होते, अशी माझी अपेक्षा होती, आणि ती अपुरी राहिली.

हे उत्तर दिले ते त्याच्या शेजाऱ्याने. व्हॅलेन्शियापासून थोड्याच अंतरावर वॉटरव्हिल हे गाव आहे. तिथला मिक ओड्वायर हा ओकॉनेलचा जवळजवळ सर्व काळाचा संघसोबती. दोघांची विजयाची वर्षे एकच: १९५९, १९६२, १९६९, १९७०. दोघांचे दैवत मात्र वेगळे. खेळणे थांबल्यावर ओड्वायर केरीचा प्रशिक्षक झाला, आणि १९७५ ते १९८६ या काळात त्याच्या हाताखाली केरीने आठ वेळा चषक जिंकला. त्याचा संघ धावणारा, एकमेकांच्या हातात चेंडू देत जाणारा, दमसासावर बांधलेला. ओकॉनेलला न रुचणारे जवळजवळ सारे त्यात होते आणि ते विलक्षण यशस्वी झाले. एका द्वीपकल्पावरची, एका संघातली दोन माणसे. एकाने खेळाला घडविले, दुसऱ्याने खेळात स्वतःला. २०२५ मध्ये ओड्वायर वारला तेव्हा त्याच्या पदकांची मोजदाद जिकडेतिकडे झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण दोघांतून कुणाची एक चित्रफीत पुन्हा पाहायला आवडेल असे मला कुणी विचारले, तर उत्तर द्यायला मला वेळ लागणार नाही. हा माझा पक्षपात समजावा.

ओकॉनेलला मानसन्मान पुढे मिळायचे ते मिळाले. १९८४ च्या शतकाच्या संघात आणि नंतर सहस्रकाच्या संघात मधल्या फळीत त्याचे नाव आले. या याद्यांना मी फारसे महत्त्व देत नाही.

त्यापेक्षा नियमांच्या पुस्तकात जे घडले ते लक्ष देण्यासारखे आहे. ओड्वायरच्या काळानंतर गोलरक्षक चेंडू उंच मारण्याऐवजी जवळच्याच माणसाला आखूड देऊ लागले. मुठीने उडवून लावण्याची युक्ती सरळ होती. या पद्धतीने तर चेंडू हवेत जाण्याची वेळच येऊ दिली नाही, आणि उंच झेल मैदानावरून जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा संघटनेला कायदा करावा लागला. २०१७ पासून गोलरक्षकाचा लांब चेंडू मधल्या भागात स्वच्छ झेलणाऱ्याला मोकळी लाथ मारण्याची सवलत मिळाली. तेही पुरले नाही म्हणून २०२५ मध्ये असा नियम आला की गोलरक्षकाने मारलेला चेंडू चाळीस मीटरच्या कमानीपलीकडे गेलाच पाहिजे. त्या वर्षी उंच उड्या पुन्हा दिसू लागल्या, लोक खूश झाले, आणि चषक केरीने जिंकला. ओकॉनेलची बाजू अशा रीतीने पन्नास-साठ वर्षांनी समितीने उचलून धरली. सरकारी अनुदानावर जिवंत ठेवलेल्या एखाद्या जुन्या कलेची आठवण होऊन मला यात आनंदाबरोबर थोडी खंतही वाटते. तो उडत होता तेव्हा झेलाला कोणतीही सवलत नव्हती. खाली उतरताच दोन माणसे अंगावर येत.

आणखी एक सामना सांगायचा राहिला. १९७२ चा केरी-ऑफली अंतिम सामना १-१३ अशा बरोबरीत सुटला आणि तो पुन्हा खेळावा लागला. ओकॉनेल तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. पहिल्या विजयाला तेरा वर्षे झाली होती. बेटावर पूल आला होता, तारघर बंद पडून सहा वर्षे लोटली होती. दुसऱ्या सामन्यात ऑफलीने केरीला १-१९ विरुद्ध ०-१३ असे धुऊन काढले, आणि अंतिम सामन्याच्या मैदानावर तो पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी तो घरी कसा गेला याची आख्यायिका झालेली नाही. त्याचे चरित्र कुणी नव्याने लिहायला घेतले तर त्याने या दिवसापासून सुरुवात करावी, मग १९६० कडे जावे, आणि दोन्हींच्या मध्ये त्या झेलाला भरपूर पाने द्यावीत. होडीची रात्र त्यात नसली तरी चालेल.